खाच : जुन्या कॉम्प्युटरला रॅम बसण्याचा आणि न बसण्याचा इतिहास

"जुन्या पीसीत रॅम टाकली तर चालंल का?" आष्ट्याहून येणाऱ्या फोनांमध्ये हा प्रश्न परत ऐकू यायला लागलाय. मधली काही वर्षं तो बंद झाला होता, कारण लोक सरळ नवा लॅपटॉप घ्यायचे. आता तो परत येण्याची कारणं दोन. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला आणि लाखो चांगली चालणारी मशिन्स एका रात्रीत 'जुनी' झाली. त्याच सुमारास एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि किमती भडकल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने 'क्रूशियल' हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. साहजिकच लोक कपाटातल्या जुन्या स्टिक बाहेर काढून त्यावरची धूळ पुसायला लागलेत.

प्रश्नाचं उत्तर तसं छोटं आहे. चालेल, पण बसली पाहिजे. आणि बसली तरी मशीनला ती वाचता आली पाहिजे.

मंडळी, या दोन 'पाहिजे' मध्ये चाळीस वर्षांचा इतिहास दडलाय. रॅमच्या पट्टीवर खालच्या बाजूला एक छोटीशी खाच असते. ती खाच डीडीआर२ मध्ये एका जागी, डीडीआर३ मध्ये थोडी सरकलेली. हे कुणी ठरवलं? का ठरवलं? आणि त्याचा आपल्या खिशाशी काय संबंध? हा आजच्या वीकेंडचा विषय.

आधी थोडं आष्टा

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आष्टा हे वाळवा तालुक्यातलं, सांगली-इस्लामपूर रस्त्यावरचं नगरपालिकेचं गाव. (इस्लामपूरचं नाव २०२५ मध्ये ईश्वरपूर झालं, पण एसटीत बसल्यावर तोंडातून जुनंच नाव निघतं.) आष्ट्यातल्या जुन्या घरांतले कागद काढले तर गंमत दिसते. पणजोबांच्या कागदावर जिल्हा सातारा. १९४९ साली साताऱ्याचे दोन भाग झाले, मग जिल्हा दक्षिण सातारा. १९६० साली त्याचं नाव बदललं, मग जिल्हा सांगली. एवढं होऊन गाव जागचं तसूभरही हललं नाही. बदलली ती भोवतालची आखणी.

रॅमचं अगदी असंच आहे. आपण ज्याला रॅम म्हणतो त्या डायनॅमिक रॅमचा मूळ कोष आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचला. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विजेचा भार असला तर १, नसला तर ०. भार हळूहळू गळतो म्हणून तो सारखा ताजा करत राहायचा. १९६८ साली पेटंट मिळालं. आजच्या डीडीआर५ च्या पोटातसुद्धा मूळ कल्पना हीच आहे. मधल्या काळात बदलली ती आखणी : किती पिना, किती व्होल्ट, एका वेळी किती बिट, आणि खाच कुठे. आपली जुनी मशिन्स अडतात ती या आखणीपायी.

आता आमच्या भागात ही मशिन्स आली कधी? १९९८ साली आष्ट्यापासून फार लांब नसलेल्या वारणानगरला 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सत्तर गावं, गावोगावी कॉम्प्युटर, आणि उसाचा हिशेब गावातच कळणार ही कल्पना. १९९९ साली आष्ट्यात अण्णासाहेब डांगे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. २००१ साली एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स आला आणि तालुक्या-तालुक्याला, मग गावा-गावाला कॉम्प्युटर क्लास निघाले. त्याच सुमारास डीटीपीची दुकानं, पतसंस्था, दूध संस्था यांच्या टेबलांवर मॉनिटर दिसायला लागले.

किमतीचा भागही महत्त्वाचा. भारत १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवरची जकात टप्प्याटप्प्याने कमी होत २००५ मध्ये शून्यावर आली. म्हणजे जो २००० साली मशीन घेत होता, तो जकातीसकट घेत होता. त्यामुळे "आत्ता कमी रॅम घेऊ, स्लॉट रिकामा ठेवू, पुढं बघू" हा शहाणपणा घरोघरी होता. तो 'पुढं बघू'चा रिकामा स्लॉट हाच आपल्या गोष्टीचा नायक.

जोडीनं या

सुरुवातीला मेमरी चिप्स सुट्या यायच्या आणि मदरबोर्डवर एकेक करून खोबणीत दाबून बसवायच्या. पिना वाकायच्या, जागा खायच्या. १९८३ च्या सुमारास वँग लॅबोरेटरीज या अमेरिकन कंपनीने चिप्स एका छोट्या पट्टीवर बसवल्या आणि पट्टीच खोबणीत घालायची युक्ती काढली. हे सिम. (मोबाइलचं नव्हे. पट्टीचं.) वँगने त्याचं पेटंट घेतलं आणि तोशिबा, एनईसी यांच्यासारख्या कंपन्यांवर खटलेही भरले. रॅमच्या इतिहासात पट्टीच्या मागोमाग वकील येतो, हे तेव्हापासूनचं.

पहिली लोकप्रिय सिम ३० पिनांची. ती एका वेळी ८ बिट द्यायची. आता गणित करा. ३८६ डीएक्स किंवा ४८६ प्रोसेसर एका वेळी ३२ बिट मागतो. म्हणजे एकसारख्या चार पट्ट्या एकदम लावल्या तरच मशीन सुरू होणार. तीन लावून भागत नाही. मग आली ७२ पिनांची सिम, ती एकटीच ३२ बिट द्यायची. चला, ४८६ ला एक पुरे. पण १९९३ साली पेंटियम आला आणि तो ६४ बिट मागायला लागला. परत जोडी!

म्हणून नव्वदच्या दशकात "रॅम वाढवायची" म्हणजे एक पट्टी आणायची असं नसायचं. जोडीनं आणायची, एकाच आकाराची आणायची. १९९५ च्या सुमारास या ७२ पिनांमध्येच ईडीओ नावाचा थोडा वेगवान प्रकार आला. दिसायला जुन्यासारखाच, खोबणीतही बसायचा, पण जुन्या बऱ्याच बोर्डांना त्याची रीत कळायची नाही. अंगरखा तोच, भाषा वेगळी. हा धडा पुढे परत परत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आणि भाव? भाव कुठून कुठे जाईल याचा नेम नव्हता. ४ जुलै १९९३ ला जपानच्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर जे काळं आवरण असतं त्याचं रेझिन जगाला मोठ्या प्रमाणात तिथून जायचं. मेमरी चिप्सचे भाव भडकले. १९९९ च्या सप्टेंबरात तैवानला भूकंप झाला, परत भाव उसळले. सांगलीच्या दुकानदाराने "काल वेगळा रेट होता, आज वेगळा आहे" म्हटलं की गिऱ्हाइकाला तो बनवतोय असं वाटायचं. दर वेळी तसं नव्हतं.

पट्टीचा सातबारा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी १६८ पिनांची डिम आली, आत एसडीरॅम. ही एकटी ६४ बिट द्यायची, म्हणून जोडीची अट गेली. व्होल्टेज ५ वरून ३.३ वर आलं. १९९८ मध्ये इंटेलने पीसी१०० नावाचे नियम घालून दिले आणि त्या पिढीत एक फार चांगली गोष्ट रूढ झाली. पट्टीवर एक बारीकशी चिप, आणि तिच्यात त्या पट्टीची सगळी माहिती लिहिलेली : आकार किती, रांगा किती, वेग किती. मशीन सुरू होताना बायॉस आधी हे वाचतं. तिला मी पट्टीचा सातबारा म्हणतो. जमीन किती, कुणाची, पीक काय, सगळं एका ठिकाणी.

पण सातबारा असला तरी तो वाचणारा तलाठी त्याच काळातला पाहिजे! इथे एक प्रयोग सांगतो. मागच्या दिवाळीत मामाच्या डीटीपीच्या दुकानातल्या माळ्यावरून एक पेंटियम २ चं मशीन खाली काढलं. बोर्ड इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा. खणात १६८ पिनांच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्हींवर २५६ एमबी लिहिलेलं. एक लावली, मशीनने २५६ दाखवले. ती काढून दुसरी लावली, मशीनने १२८ दाखवले. मामाचा निष्कर्ष तयार होता : "ही अर्धी जळलीय."

जळलेली नव्हती. पट्टी उलटीसुलटी करून चिप्स मोजल्या. पहिलीवर सोळा, दुसरीवर आठ. २५६ एमबी सोळा चिप्समध्ये वाटली की प्रत्येक चिप १२८ मेगाबिटची. आठमध्येच कोंबली की प्रत्येक २५६ मेगाबिटची. बीएक्स बाजारात आला एप्रिल १९९८ मध्ये. २५६ मेगाबिटच्या चिपमधला सगळा पत्ता लिहायला त्याच्याकडे ओळीच अपुऱ्या आहेत. त्यामुळे तो अर्धी चिप वापरतो आणि उरलेली त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. नव्या पिढीची 'चांगली', कमी चिपांची पट्टी जुन्या मशीनला अर्धीच दिसते. दुकानात तीच पट्टी नव्या बोर्डावर तपासली की पूर्ण २५६ दाखवणार. दुकानदार खरा, गिऱ्हाईकही खरं, आणि भांडण मात्र होणार.

माझ्या मते जुन्या मशीनसाठी रॅम निवडताना सगळ्यात उपयोगी सवय हीच आहे : आकड्याच्या आधी चिपा मोजा.

एका कंपनीची रॅम

आता या गोष्टीतला सगळ्यात मोठा तंटा. रॅमची मापं ठरवणारी संस्था म्हणजे जेडेक. चिप बनवणाऱ्या, कॉम्प्युटर बनवणाऱ्या, एकमेकांच्या उरावर बसलेल्या कंपन्या तिथे एका टेबलाभोवती बसतात आणि खाच कुठे असेल ते ठरवतात. वाळवा तालुक्यात सहकार समजावून सांगायची गरज नाही. ऊस कुणाचाही असो, काटा सगळ्यांना एकच. जेडेक म्हणजे तो काटा. त्यामुळेच कोरियातल्या कंपनीची पट्टी तैवानच्या बोर्डात बसते आणि आष्ट्यातल्या दुकानात चालते.

नव्वदच्या दशकात रॅम्बस नावाची कंपनी आली. ही स्वतः चिप बनवत नसे, फक्त रचना तयार करून तिचं स्वामित्वधन घेई. तिच्या आरडीरॅमला १९९६ साली इंटेलचा हात मिळाला. इंटेलने ठरवलं की पुढची सगळी मशिन्स या रॅमवर चालतील. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तो फक्त आरडीरॅमसकट. या पट्टीला रिम म्हणायचे. पिना १८४, पट्टीवर पत्र्याचं आवरण कारण ती तापायची, लावायच्या त्या परत जोडीनं, आणि कळस म्हणजे रिकाम्या स्लॉटमध्येसुद्धा एक कोरी पट्टी घालावी लागायची, नाहीतर मंडल पूर्ण व्हायचं नाही. 'पुढं बघू' म्हणून स्लॉट रिकामा ठेवणाऱ्या माणसाला हा प्रकार काय वाटला असेल!

आरडीरॅम महाग होती. म्हणून इंटेलने मधला मार्ग काढला : आरडीरॅमच्या चिपसेटवर एक दुभाषी चिप बसवून साधी एसडीरॅम चालवायची. दुभाषाने गोंधळ घातला आणि मे २००० मध्ये इंटेलला ते मदरबोर्ड परत घ्यावे लागले. शेवटी सप्टेंबर २००१ मध्ये पेंटियम ४ साठी ८४५ चिपसेट आला, साध्या एसडीरॅमचा. मागोमाग डीडीआर आली आणि आरडीरॅम घरगुती पीसीमधून संपली. आज कुणाकडे २००१ चं रिमवालं मशीन असेल तर त्याला रॅम शोधणं म्हणजे बंद पडलेल्या मीटरगेजचं तिकीट शोधण्यासारखं आहे.

तंट्याचा दुसरा अंक कोर्टात झाला. रॅम्बस १९९२ ते १९९६ जेडेकची सभासद होती. बाहेर पडल्यावर काही वर्षांनी तिने सांगायला सुरुवात केली की एसडीरॅम आणि डीडीआरमध्येही आमची पेटंट आहेत, पैसे काढा. बाकीच्यांचा आरोप असा, की बैठकीत बसून तुम्ही हे लपवलंत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली तक्रार दाखल केली, २००६ साली रॅम्बसच्या विरोधात निकाल दिला, आणि २००८ साली अपील कोर्टाने तो उलटवला. म्हणजे कायद्याने रॅम्बस सुटली, पण बाजाराने तिची पट्टी स्वीकारली नाही.

हे वाचून रॅम्बस खलनायक आणि बाकीचे संत असं वाटत असेल तर थांबा. बाकीच्यांनी काय केलं तेही बघू. १९९९ ते २००२ या काळात मोठ्या मेमरी कंपन्यांनी आपापसात भाव ठरवले, असं अमेरिकेच्या न्याय खात्याच्या चौकशीत निघालं. इन्फिनिऑनने २००४ मध्ये १६ कोटी डॉलर, हायनिक्सने २००५ मध्ये १८.५ कोटी आणि सॅमसंगने त्याच वर्षी ३० कोटी डॉलर दंड मान्य केला. २०१० साली युरोपियन कमिशननेही ३३ कोटी युरोंहून जास्त दंड लावला. हा खटला डेल, कॉम्पॅक, एचपी अशा मोठ्या गिऱ्हाइकांवरून होता. पण एमएस-सीआयटीचे क्लास याच काळात निघत होते, आणि त्यांच्या मशिन्समधल्या चिपाही या मोजक्या कंपन्यांच्याच होत्या. आष्ट्यातल्या क्लासवाल्याला यातला एक डॉलरही परत मिळाला नाही, हे सांगायला नकोच.

तेव्हा काटा सहकारी असला म्हणजे भावही सहकारी असतो असं नाही. पण काटा तरी सहकारी होता, म्हणून पट्टी बदलता आली. फरक तिथे पडतो.

खाच कुठे आणि का

आता खाचेचा अर्थ लागेल. दर पिढीत व्होल्टेज खाली आलं. एसडीरॅम ३.३, डीडीआर २.५, डीडीआर२ १.८, डीडीआर३ १.५, डीडीआर४ १.२ आणि डीडीआर५ १.१ व्होल्ट. कमी व्होल्ट म्हणजे कमी उष्णता, कमी वीज आणि जास्त वेग. पण १.५ व्होल्टची पट्टी चुकून १.८ च्या स्लॉटमध्ये गेली तर तिचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून जेडेकने दर पिढीला खाच सरकवली. डीडीआर२ (२००३) आणि डीडीआर३ (२००७), दोघींच्या पिना २४०. डीडीआर४ (२०१२) आणि डीडीआर५ (२०२०), दोघींच्या २८८. पिना मोजून फसाल, खाच बघून नाही. खाच म्हणजे दारावरचा राखणदार. तो "आत येऊ नका" म्हणतो ते आपल्या भल्यासाठी. गावाकडे जोर लावून पट्टी बसवणारे वीर मी पाहिलेत. कृपया तसं करू नका.

पण खाच सगळंच अडवत नाही. डीडीआर३ मध्ये सर्व्हरची रजिस्टर्ड पट्टी आणि साध्या पीसीची पट्टी, दोन्हींची खाच एकाच जागी. जुन्या बाजारात सर्व्हरची पट्टी स्वस्त मिळते, स्लॉटमध्ये टच्चकन बसते, आणि साधा पीसी सुरूच होत नाही. अंगरखा तोच, भाषा वेगळी. आठवलं?

आणि बीएक्सची गोष्ट तर हुबेहूब परत घडली. २००८ साली इंटेलचा जी४१ चिपसेट आला. जी४१ चे बोर्ड भारतात घराघरांत, ऑफिसांत गेले आणि आजही कुठेकुठे धडधडतायत. त्याला कागदोपत्री ८ जीबी चालते. पण ४ जीबीची डीडीआर३ पट्टी आठ चिपांची घेतली, म्हणजे चिप ४ गिगाबिटची, तर ती त्याला पेलत नाही. सोळा चिपांची लागते, २ गिगाबिटवाली. दहा वर्षांनी, सोळापट घनतेने, नेमका तोच पेच! ऑनलाइन बाजारात "फक्त एएमडी साठी" असं बारीक अक्षरात लिहिलेल्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्या मिळतात, त्यांचीही गोम चिपच्या आतल्या याच मांडणीत आहे. इंटेलच्या बोर्डाला त्यांचा पत्ता लागत नाही.

न वाढवलेल्या रॅमची गोष्ट

आता वारणेकडे परत येऊ, कारण तिथे या गोष्टीला वेगळं वळण मिळालं. आठ-नऊ वर्षांनी गावोगावचे ते कॉम्प्युटर जुने झाले होते. त्यांचं काय करायचं? आपल्यासारखा माणूस म्हणेल, रॅम टाका, हार्डडिस्क बदला. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या लोकांनी तिथे वेगळा प्रश्न विचारला : हा कॉम्प्युटर दिवसभर करतो काय? उत्तर आलं, थोडीशीच माहिती इकडून तिकडे जाते. उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं, तोडणीची परवानगी आली का. मग त्यांनी सात गावांत पीसीच्या जागी साधा मोबाइल ठेवून बघितला. शेतकऱ्याचा नंबर एसएमएस करायचा, उत्तर एसएमएसने येणार. काम भागलं, आणि खर्चही कमी झाला. प्रयोगाचं नावही छान, 'वारणा अनवायर्ड'.

याचा अर्थ कॉम्प्युटर टाकून द्या असा नाही. अर्थ एवढाच, की "किती रॅम टाकू?" च्या आधी "या मशीनकडून काय काम पाहिजे?" हा प्रश्न येतो. ते न विचारता टाकलेली रॅम म्हणजे बिनपिकाच्या रानाला पाणी.

मग निवडायची कशी?

इतका इतिहास ऐकून घेतलात, तर त्याचा अर्क देतो.

१. आधी काम. टास्क मॅनेजर उघडून नेहमीचं काम करताना मेमरी किती भरते ते बघा. निम्मीच भरत असेल तर दुखणं रॅमचं नाही. तिथे एसएसडीवर खर्च केलेला बरा. आणि मशीन आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेलचं असेल तर रॅम कितीही टाका, विंडोज ११ त्याला अधिकृतपणे स्वीकारत नाही. लिनक्स टाकणार असाल तर गोष्ट वेगळी.

२. मग बोर्ड. सीपीयू-झेड सारख्या मोफत प्रोग्रामने मदरबोर्डचं नाव काढा आणि कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा. एकूण किती आणि एका स्लॉटला किती, हे दोन आकडे लिहून घ्या. मर्यादा घालणारा मेमरी कंट्रोलर एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ मधल्या कोअर आय७ पासून प्रोसेसरमध्ये नेला. म्हणजे जुन्या मशीनमध्ये चिपसेट बघायचा, नव्यात प्रोसेसर.

३. ३२ बिटचं विंडोज असेल तर ४ जीबी लावूनही साधारण सव्वातीनच्या आसपासच वापरायला मिळते. उरलेले पत्ते ग्राफिक्स कार्ड वगैरे मंडळींनी आधीच अडवलेले असतात.

४. पिढी आणि व्होल्ट. लॅपटॉपमध्ये डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत गल्लत नको. १.३५ व्होल्टची एल-वाली पट्टी १.५ च्या जागी चालते, उलटं चालेलच असं नाही.

५. चिपा मोजा. मशीन जुनं असेल तर सोळावाली मागा. दुकानदार हसला तर हसू द्या.

६. वेग. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या लावल्या तर सगळ्या हळू पट्टीच्या चालीने चालतात. जुन्या बोर्डासाठी वेगावर जास्त पैसे घालवू नका. दोन सारख्या पट्ट्या घेतल्यात तर ड्युअल चॅनेलचा फायदा मिळतो. जोडीची ती जुनी अट, आता सक्तीची नाही इतकंच.

७. लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालवा. एकही चूक दाखवली तर पट्टी परत. आणि परत घेण्याचं बोलणं पैसे देण्याआधी करा.

शेवटी

या सगळ्यात मला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. गेल्या काही वर्षांत पातळ लॅपटॉपमध्ये रॅम सरळ बोर्डवर डाख देऊन बसवतात. स्लॉट नाही, खाच नाही. 'पुढं बघू' ची सोयच नाही. दुकानात जे घेतलं ते मशीन मरेपर्यंत. यात थोडं तांत्रिक कारण आहे हे खरं. कमी विजेच्या वेगवान मेमरीला लांब तारा आणि सैल खोबणी मानवत नाही. पण बदलता येणाऱ्या पातळ पट्टीचंही माप निघालं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेकनेच कॅम२ नावाचं मानक प्रसिद्ध केलं. म्हणजे करता येतं. करायचं की नाही हे कंपन्यांनी ठरवायचं, आणि आपण घेताना विचारायचं.

आष्ट्यासारख्या गावात एक कॉम्प्युटर घरात दहा-बारा वर्षं राबतो. आधी क्लासवाल्याकडे, मग दुकानात, मग पोराच्या अभ्यासाला. हे हस्तांतर शक्य झालं ते त्या रिकाम्या स्लॉटमुळे, आणि कोर्टकचेऱ्या, भावाच्या साखळ्या, कोरड्या बैठका यांतून तगलेल्या एका सामायिक मापामुळे. खाच बऱ्याचदा 'नाही' म्हणते, मान्य. पण तिला निदान विचारता येतं. डाख दिलेल्या रॅमला विचारायची सोय नाही.

तेव्हा पुढचं मशीन घेताना प्रोसेसरच्या आधी एक प्रश्न विचारा : रॅमला स्लॉट आहे का? असेल तर एक रिकामा ठेवा. पुढं बघू :)